तूर्तास

तिला घरचे लहानपणापासून भिंगरी म्हणत. एका जागी बसून जेवलेली तिला कुणी पाहिली नव्हती. लग्न झालं, नोकरी लागली, वयाची पस्तिशी आली, तरी नाव काही सुटलं नाही. एकदा तिच्या नणंदेने ऑफिसच्या फोनवर "भिंगरी आहे का?" असं विचारलं आणि तो फोन नेमका आजोबांनी उचलला. त्या दिवसापासून ऑफिसातही ती भिंगरीच.

आजोबा म्हणजे ऑफिसातले सगळ्यात जुने प्रोग्रामर. वय अवघं अठ्ठेचाळीस, पण बाकी सगळे तिशीच्या आतबाहेरचे, त्यामुळे त्यांच्या नशिबी ही पदवी आली होती. चष्म्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, सात माणसं, आणि काम हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्याचं. भिंगरीकडे डायलिसिस वॉर्डचं वेळापत्रक होतं. किडनी निकामी झालेली माणसं आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहतात. कुणाला कुठल्या पाळीत कुठलं मशीन, हे तिचा प्रोग्राम ठरवायचा. अठरा मशीन्स, नव्वदच्या आसपास पेशंट.

आणि त्या वॉर्डच्या मुख्य सिस्टर होत्या तिच्या सख्ख्या नणंदबाई. नवऱ्याची नोकरी परगावी, तो पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचा. एरवी घरात भिंगरी आणि वन्सं, दोघीच. त्यामुळे गिऱ्हाइकाची तक्रार तिला सकाळच्या चहाबरोबरच मिळायची.

"तुझ्या त्या प्रोग्रामला सांग, एकाच माणसाला दोन मशीनवर झोपवता येत नाही," असं म्हणत वन्सं पावाला लोणी लावायच्या.

वर्षभरापूर्वी ऑफिसात कोड लिहिणारा एजंट आला. साध्या भाषेत काम सांगायचं, तो कोड लिहितो, चालवून बघतो, चुकलं तर स्वतःच दुरुस्त करतो. सगळे त्याला भिडू म्हणत. आठवड्याचं काम तो दिवसात उरकायचा. पण त्याची एक खोड होती. काम संपवून पडद्यावरची खिडकी बंद केली की त्याची पाटी कोरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगायचं. पाळी म्हणजे काय, चार नंबरचं मशीन वेगळं का, तारखेत दिवस आधी की महिना. भिंगरीसारख्या बाईला हे सहन होणं शक्यच नव्हतं.

"रोज सकाळी अर्धा तास नुसती ओळख करून देण्यात जातो," ती चहा घेता घेता उभ्या उभ्या कुरकुरली.

"माझ्या वॉर्डात नवीन मुलगी आली की मला तीन महिने हेच करावं लागतं," वन्सं म्हणाल्या. "पण ती निदान दुसऱ्या दिवशी मला ओळखते."

शेवटी भिंगरीने त्याच्यासाठी एक आठवणवही तयार केली. वही म्हणजे साधी फाइलच. दिवसाचं काम संपलं की भिडूने स्वतःच तिच्यात लिहायचं, आज काय कळलं, काय ठरलं, काय अर्धं राहिलं. दुसऱ्या दिवशी काम सुरू करण्याआधी ती वाचायची. बस्स, इतकंच. पण पहिल्या सकाळी पडद्यावर उमटलं, 'काल पाळी बदलण्याचं काम अर्धं राहिलं होतं. तिथून सुरू करू का?' आणि ती खुर्चीतून उठून सगळ्या खोलीला दाखवत फिरली.

आजोबांनी चष्मा कपाळावर सरकवून पडदा वाचला. "झकास," ते म्हणाले. "पण तो काय लिहितोय ते रोज वाचतेस ना?"

"वाचते हो."

पहिला आठवडा तिने खरंच वाचलं. मग दोन-तीन दिवसांआड. मग वही इतकी लांबली की वाचायचं म्हटलं की पाय हलायला लागायचे. काम तर उत्तम चाललं होतं. मग तिने वाचणं सोडलं, आणि सोडलंय हे स्वतःलाही फारसं कळू दिलं नाही.

एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला वन्संचा फोन आला. मागे वॉर्डातला गलका ऐकू येत होता.

"अगं, सगळे पेशंट लाल दाखवतंय! एकालाही मशीन देत नाही. लॅबचा कॉम्प्युटर बंद पडलाय, रिपोर्ट येत नाहीत, आणि इथे बारा माणसं ताटकळली आहेत."

रक्तातून पसरणारी कावीळ एका पेशंटची दुसऱ्याला लागू नये म्हणून प्रत्येकाची तपासणी ठरावीक दिवसांनी व्हायची. ज्यांना ती आहे त्यांच्यासाठी चार नंबरचं मशीन राखीव, बाकी कुणाला ते नाही आणि त्यांना बाकी कुठलं नाही. रिपोर्ट जुना असेल तर प्रोग्राम पेशंटचं नाव लाल करून अडवायचा. नियम चांगला होता. पण लॅबच्या कॉम्प्युटरमधून तारखाच मिळत नव्हत्या, म्हणून तो नियम सगळ्यांनाच अडवत होता.

"दहा मिनिटं द्या," भिंगरी म्हणाली. वन्संनी कागदावरचे रिपोर्ट हाताने बघायचं कबूल केलं. भिंगरीने उभ्यानेच भिडूला टाइप केलं, 'रिपोर्टच्या तारखेची तपासणी तूर्तास बंद कर. वॉर्डचं काम अडलंय. लवकर.' भिडूने एक प्रश्न विचारला. तिने त्याला उत्तर दिलं, 'आत्ता प्रश्न नको, कर.' त्याने केलं. नावं हिरवी झाली, वॉर्ड चालू झाला.

गुरुवारी लॅब सुरू झाली. भिंगरीने तपासणी बंद करणाऱ्या कोडच्या दोन ओळी स्वतःच्या हाताने पूर्ववत केल्या. दोन ओळींसाठी भिडूला कशाला उठवायचं, असं तिला वाटलं.

त्यानंतर पाच आठवडे सरळ गेले. मशीन वाटपाचा सगळा भाग जुना झाला होता, तो नव्याने लिहायचं ठरलं. भिडूने तो दोन दिवसांत लिहून दिला. बरोबर एक टिपण होतं, त्यात शेवटून दुसरी ओळ होती, 'आता लागू नसलेले नियम व त्यांच्या चाचण्या काढल्या.' भिंगरीने ते टिपण वाचलं तेव्हा साडेचार वाजले होते, पर्स खांद्याला होती आणि एक हात दिव्याच्या बटणावर. कोड नीट चालतो का हे बघणाऱ्या उरलेल्या सगळ्या चाचण्या हिरव्या होत्या. तिने मंजुरी दिली. दुसऱ्या दिवशी नवा प्रोग्राम वॉर्डात सुरू झाला.

नवव्या दिवशी, सोमवारी सकाळी अकरा वाजता वन्संचा फोन आला. एरवी त्यांचा आवाज तीन खोल्या ओलांडून जायचा. आज त्या हळू बोलत होत्या.

"बसली आहेस का?"

"नाही. का?"

"बस आधी. आज दुसऱ्या गावचा एक पाहुणा पेशंट आला. तुझ्या प्रोग्रामने त्याला अकरा नंबरचं मशीन दिलं. हिरवं दाखवलं. मी सवयीने फाइल उघडली, तर रिपोर्ट गेल्या वर्षीचा! नळी लावायच्या आधी थांबवलं मी त्याला. आत्ताच रक्त तपासलं. कावीळ आहे त्याला."

"लावली नाही ना पण?"

"नाही लावली. पण मी सुट्टीवर असते आणि तिथे नवीन मुलगी असती, तर तिने हिरवं बघून लावली असती. तिची चूकही नसती. आणि अगं, हे आजचंच आहे का? की आधीपासून चाललंय?"

"बघून सांगते," भिंगरी म्हणाली. तिने फोन ठेवला आणि नवा कोड उघडला. तपासणी नव्हतीच. ती नीट चालते का हे बघणारी चाचणीही नव्हती. तिने आधी ती परत घातली, वॉर्डात चालू केली, आणि मग आठवणवही उघडली. चारशे बारा ओळी. एकशे ऐंशीव्या ओळीवर ती थांबली.

'रिपोर्टच्या तारखेची तपासणी नको. वॉर्डचं काम अडतं.'

तूर्तास हा शब्द गळून गेला होता. तारीख नव्हती, लॅब बंद असल्याचा उल्लेख नव्हता. आणि तिने हाताने केलेली दुरुस्ती तर वहीला कुणी सांगितलीच नव्हती. रोज सकाळी भिडू ही ओळ वाचत होता, आणि नवा भाग लिहिताना त्याने ती इमानेइतबारे पाळली होती.

पुढची ओळही त्याच दुपारची असावी.

'दुपारी चारनंतर बाईंना प्रश्न विचारू नयेत. घाईत असतात.'

तिने ती तीनदा वाचली. आजोबा पाठीमागे येऊन उभे होते, त्यांनीही वाचली असावी. ते बाजूची खुर्ची ओढून बसले.

"मी वाचत नव्हते," ती पडद्याकडे बघतच म्हणाली. "तुम्ही विचारलं होतंत, तेव्हा खोटं बोलले."

"ते नंतर बघू," आजोबा म्हणाले. "आधी नऊ दिवसांतली नावं काढ."

नावं निघाली. त्या पाहुण्याखेरीज जुन्या रिपोर्टवर मशीन मिळालेली अकरा माणसं. त्यांच्यातल्या एकाला जरी कावीळ असती, तर त्याच्यामागून त्याच मशीनवर झोपलेल्या प्रत्येकाला तपासावं लागणार होतं. भिंगरीने यादी छापली, जिना धावत उतरली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत आपण पर्स ऑफिसातच विसरलोय हे तिच्या लक्षातही आलं नाही.

वॉर्डच्या डॉक्टरबाईंनी यादी दोनदा वाचली.

"प्रोग्रामची चूक आहे असं लिहू का?" त्यांनी विचारलं.

"माझी लिहा," भिंगरी म्हणाली. "मंजुरी मी दिली."

"लिहिते. पण पेशंटना कोण सांगणार?"

"मी येते वन्सं... सिस्टरांबरोबर."

दोन दिवस त्यात गेले. सात जण पाळीला आले तेव्हा वॉर्डातच सापडले. तिघांना फोन करून बोलावलं. वन्सं सांगायच्या आणि भिंगरी शेजारी उभी राहून प्रत्येक वेळी तेच म्हणायची, की चूक प्रोग्रामची नव्हे, माझी. कुणी मान डोलावली, कुणी दंड पुढे केला. एका आजींनी तिलाच पाणी विचारलं. एकेक रिपोर्ट यायला काही तास लागायचे. तेवढ्या वेळात ती वॉर्डच्या पॅसेजमधून इतक्या फेऱ्या मारायची की शेवटी वन्सं डाफरल्या, "अगं, फरशी झिजेल! एक तर बस, नाही तर त्या चादरींच्या घड्या कर." तिने सगळ्या कपाटाच्या चादरींच्या घड्या केल्या.

दहा रिपोर्ट आले. दहाही स्वच्छ.

अकरावा माणूस फोन उचलत नव्हता. तो एक शिंपी होता, पन्नाशीचा, एकटाच राहणारा. बुधवारची पाळी त्याने चुकवली होती, आणि डायलिसिसचा पेशंट पाळी चुकवत नाही. भिंगरीच्या डोक्यात नको नको ते यायला लागलं. गुरुवारी सकाळी दोघी त्याच्या दुकानावर गेल्या. शटर अर्धं वर होतं. आत तो मशीनवर बसून एका जाड कोटाचं अस्तर शिवत होता, पाय सुजलेले, चेहरा पिवळट.

"फोन कुठे आहे तुमचा?" वन्संनी आत शिरताशिरताच विचारलं.

"असेल कापडाखाली कुठेतरी. हा कोट आज द्यायचाय. म्हटलं एक दिवस उशीर झाला तर काय होतंय."

"काय होतंय ते पायाकडे बघा म्हणजे कळेल!"

मग भिंगरीने त्याला सगळं सांगितलं. तो मशीनचं चाक हाताने धरून ऐकत राहिला.

"मी डोळे मिटून पडतो तिथे," तो म्हणाला. "चार तास. माझं सगळं रक्त बाहेर जातं आणि परत येतं. मी कधी विचारलं नाही कुणाला, की नीट बघितलंत ना म्हणून. तुम्ही बघत असाल असं धरून चालतो."

वन्संनी त्याची चप्पल शोधून पुढे ठेवली. त्याला गाडीत घालून दोघी वॉर्डात घेऊन आल्या. त्याचा रिपोर्ट दुपारी दोनला आला. स्वच्छ. भिंगरी ते ऐकून चादरींच्या कपाटामागे गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली.

संध्याकाळी ऑफिसात परत आल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे आठवणवही पुसून टाकली. आजोबांनी थांबवायचा प्रयत्न केला.

"रागाच्या भरात पुसू नकोस."

"रोज अर्धा तास गेला तर जाऊ दे. मला नको ती वही."

शुक्रवारी सकाळी भिडू कोऱ्या पाटीने हजर झाला. तिने त्याला सगळं नव्याने समजावलं. निदान तिला तसं वाटलं. पाळ्यांची गर्दी कमी करण्याचं काम त्याला दिलं. अकरा वाजता त्याने उत्साहाने सुचवलं, 'चार नंबरचं मशीन बराच वेळ रिकामं असतं. ते सर्वांसाठी खुलं केल्यास रोज दोन पेशंट जास्त बसतील.'

चार नंबरचं सांगायचं राहून गेलं होतं. वहीत ते अगदी वर, दुसऱ्या क्रमांकाच्या ओळीवर होतं. कितीतरी दिवस ते कुणालाही सांगावं लागलं नव्हतं, म्हणून तिच्याही तोंडातून निसटलं होतं.

ती उठून आजोबांच्या टेबलाशी गेली. तिने तोंड उघडायच्या आत त्यांनी ड्रॉवरमधून पेन ड्राइव्ह काढला.

"प्रत काढून ठेवली होती," ते म्हणाले. "तू पुसायच्या आधी. रागावू नकोस."

रविवारी तिने चारशे बारा ओळी छापून घरी जेवणाच्या टेबलावर पसरल्या. वन्संनी चष्मा लावला आणि पहिलं पान ओढलं.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी पहिल्याच ओळीवर बोट ठेवलं.

"माहीत नाही."

"कधी?"

"लिहिलेलं नाही."

"कधीपर्यंत?"

"तेही नाही."

"आमच्याकडे पाळी बदलताना असं लिहिलं तर मी वही तोंडावर फेकीन," वन्सं म्हणाल्या. "'पाणी देऊ नये.' अरे, कुणाला? का? कुणी सांगितलं? संध्याकाळी ऑपरेशन होतं म्हणून सकाळी लिहिलं, आणि ऑपरेशन पुढे ढकललं, तर तो माणूस दोन दिवस तहानेने मरेल ना! प्रत्येक ओळीखाली नाव, वेळ आणि मुदत. आणि पुढची सिस्टर ते मोठ्याने वाचून विचारते. तिने विचारायचंच असतं."

दिवसभर बसून दोघींनी एकेक ओळ तपासली. भिंगरी दर पंधरा मिनिटांनी उठायची, खिडकीपाशी जायची, परत यायची. जिचा मूळ सांगणारा सापडला नाही ती ओळ खोडली. ज्यांची मुदत संपली त्या खोडल्या. एकशे ऐंशीवी तिने आधीच खोडली होती. तिच्या पुढच्या ओळीशी वन्सं थांबल्या, मोठ्याने वाचली आणि चष्म्यावरून भिंगरीकडे पाहिलं.

"ही ओळ मात्र खरी आहे," त्या म्हणाल्या.

"खोडा."

"खोडल्याने तुझी घाई जाणार आहे का?"

"नाही. पण तो विचारेल तरी."

सत्तावन्न ओळी उरल्या. सोमवारी आजोबांबरोबर बसून तिने वहीचे नियम बदलले. काही बंद करायचं किंवा वगळायचं असेल, तर ती ओळ नाव, कारण आणि मुदत असल्याशिवाय लिहायची नाही. मुदत संपली की भिडूने विचारायचं. वहीच्या भरवशावर कुठलीही तपासणी किंवा चाचणी काढायची नाही. काढावीशी वाटली तर माणसाला थांबवून दाखवायचं. आणि दर शुक्रवारी दोघांनी मिळून वही वाचायची, भिंगरीने एकटीने नाही. हा शेवटचा नियम तिने स्वतः घातला.

पहिल्या आठवड्यात भिडूने तिला एकोणीस प्रश्न विचारले, त्यातले सात चार वाजल्यानंतर. पाचव्याला तिचा जीव मेटाकुटीला आला. ती उठली, ऑफिसच्या पॅसेजमधून दोन फेऱ्या मारून आली आणि उभ्यानेच उत्तर टाइप केलं.

बेचैनी गेली नाही. कोड बरोबर असतानाही तिला दिवसातून एकदा तरी वाटायचं, की अशी आणखी एखादी ओळ कुठेतरी राहिली असेल. आजोबा म्हणाले, वाटू दे. महिनाभर ती आठवड्यातून एकदा वॉर्डात जाऊन पाळी लागताना बाजूला उभी राहायची.

अशाच एका बुधवारी शिंपी आला. पायाची सूज उतरली होती. खाटेवर बसल्यावर तो लगेच आडवा झाला नाही. त्याने भिंगरीला पाहिलं, मग पडद्याकडे.

"माझी तारीख दाखवा," तो म्हणाला.

तिने पडदा त्याच्याकडे वळवला. त्याने मान पुढे काढून दिवस, महिना, वर्ष, तिन्ही बोट ठेवून वाचलं. मग वन्संनी फाइलीतला कागद उघडून त्याच्यापुढे धरला, तोही त्याने वाचला. मागच्या खाटेवरच्या आजी हे सगळं बघत होत्या.

"सिस्टर," त्या म्हणाल्या, "याचं झालं की माझी पण दाखवा."